ग गाठीचा

निशी-कसाई
१४ ऑक्टोबर २०२५

जुई,

मायना काय लिहावा यात दोन दिवस गेले. 'चि.' लिहिलं तर तू म्हणशील, झालं हिचं सुरू. 'प्रिय' मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. तेव्हा नुसतं जुई.

या खोक्यात एक गालीचा आहे. तुमच्या कोबेच्या कार्यशाळेच्या वेबसाइटवर लिहिलंय की जपानच्या कुठल्याही कोपऱ्यातून गालीचा पाठवा, आम्ही तपासून कळवू. मी कोपऱ्यातच राहते, म्हणून पाठवला. आता मी रीतसर गिऱ्हाईक आहे आणि पार्सल न उघडता परत करायची तुला सोय नाही. तुझ्या मालकीणबाई तानिगुची-सान कितीही कडक असल्या तरी गिऱ्हाइकाला दारातून घालवणार नाहीत, एवढा जपान मला एकवीस वर्षांत कळला आहे. पत्ता बाबांना आलेल्या नववर्षाच्या कार्डावरून घेतला. कार्ड फक्त त्यांच्या नावाने होतं, हेही वाचलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी काही सांगितलं नाही. तुझा विषय काढला की ते लॅपटॉप उघडतात.

अक्षर मोठं आणि सुटं काढलंय. तीनदा कच्चं लिहून मग हे पक्कं. तुला मराठी किती वाचता येतं ते मला ठाऊक नाही. फोनचा कॅमेरा धरून वाचणार असशील तर धर, इथली सरकारी पत्रं मीही तशीच वाचते. जपानीत लिहिलं असतं, पण जपानीत मी अकरा वर्षं कोन्बिनीच्या दुकानात गल्ल्यामागूनच बोलते आहे. त्या भाषेत मला 'पिशवी हवी का' आणि 'गरम करून देऊ का' एवढंच मनापासून म्हणता येतं.

तर गालीचा. रविवारी शैलजाबरोबर मोन्झेन-नाकाचोच्या देवळात गेले होते. (समोरच्या इमारतीतली शैलजा, जिच्या चकल्या तू डबा लपवून खायचीस.) तिथे आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एका म्हाताऱ्याच्या पथारीवर हा अंथरलेला होता आणि वर चिनी मातीच्या मांजरी मांडल्या होत्या. म्हातारा म्हणाला, "कोकासासु." मला वाटलं, त्याच्या सासूचा आहे. शैलजा हसत खालीच बसली.

"अगं उत्तरा, कॉकेशस! काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधला डोंगराळ मुलूख. तिकडे बायका घरी विणायच्या हे."

"आमची जुई हेच दुरुस्त करते," मी म्हटलं. केवढ्या तरी दिवसांनी तुझं नाव मोठ्याने घेतलं, आणि आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

तुला यातलं सगळं कळतं, पण मला सांगायचंय. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा. एकाखाली एक तीन तारे, प्रत्येकाला आठ टोकं. काठाच्या पांढऱ्या पट्टीवर पाठीला पाठ लावलेल्या आकड्यांची रांग, अगदी आपल्या मराठी ३६ सारखी. म्हटलं, चला, हा आपल्याच घरचा गालीचा. एक बोकड आहे, त्याला तीनच पाय. दोन शिंगं आहेत, एक फणी आहे. आणि खालच्या अंगाला साल विणलंय, १३१०. सातशे वर्षं! मी म्हाताऱ्यापुढे अवाक्षर काढलं नाही, उगाच त्याला कळलं तर. लायब्ररीतल्या पुस्तकात लिहिलंय की शिंगं म्हणजे बळ आणि फणी म्हणजे लग्न. हे पुस्तकातलं सांगते आहे, माझं नाही.

चौथा कोपरा नाहीच. जळाला की उंदरांनी खाल्ला ते तू बघ. नीट करून हवा. मार्चमध्ये बाबांचं काँट्रॅक्ट संपतंय आणि एकतीस तारखेच्या विमानाने आम्ही पुण्याला जातोय, कायमचे. जाण्याआधी एकदा गाठ पडली की मी सुटले.

कोबेला मी कधी आलेले नाही, आणि तू बोलावल्याशिवाय येणारही नाही. त्याची काळजी करू नकोस.

आई


निशी-कसाई
१६ नोव्हेंबर २०२५

देवस्थळी-सान,

तू मला 'देवस्थळी-सामा' लिहिणार असशील तर मीही मागे राहणार नाही.

तपासणीचा अहवाल मिळाला. वर 'मान्यवर ग्राहक देवस्थळी', खाली 'जबाबदार कारागीर देवस्थळी'. मध्ये दोन पानं. पोस्टमनने सही घेताना पाकिटावरच्या दोन्ही नावांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, जपानी माणूस तो. तू हाताने लिहिलंयस हे बरं केलंस. तुझं जपानी अक्षर बाई सुरेख आहे. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्या मीटिंगच्या आवाजात.

शेवटचा आकडा शून्य नसून पाच आहे, हे कळलं. त्या अरबी लिपीत पाच गोल काढतात आणि शून्याला नुसता ठिपका देतात. म्हणजे १३१५, आणि तेही हिजरी, आपलं १८९७च्या आसपासचं. एका वाक्यात माझ्या गालीच्याची जवळजवळ सहाशे वर्षं गेली. मी मराठी डोळ्यांनी वाचलं ना, गोल दिसला की शून्य. शैलजाला अजून सांगितलेलं नाही, ती चौघींत सांगेल.

तीनचा आकडा उलटा विणला आहे असं लिहिलंयस. विणणारीला बहुधा लिहितावाचता येत नव्हतं, दुसऱ्या गालीच्यावरचं पाहून तिने उतरवला असावा. हे वाचून मला तिच्याबद्दल माया वाटली. फणीचंही वाचलं. 'फणी म्हणजे लग्न हा ग्राहकाने दिलेला अर्थ अनेकांपैकी एक आहे. विणताना प्रत्येक ओळीनंतर आडवा धागा फणीने ठोकून बसवतात. दिवसभर हातात असलेली वस्तू तिने विणली, असंही असू शकेल. चिन्हांचे बहुतेक अर्थ विकणाऱ्यांनी नंतर लावलेले आहेत.' इथे तू पेन जोरात दाबलं आहेस. पान उलटं करून हात फिरवला तर लागतं.

त्याखालचं एक वाक्य बाबांनी वाचलंच नाही, घसा खाकरून पुढे गेले. ते स्वयंपाकघरात जाऊन रात्रीच्या भाजीला पाणी घालताघालता माझं मी फोनने वाचलं. 'पत्रातील खासगी मजकूर कार्यशाळेच्या कक्षेत येत नाही.' ठीक आहे. मी कक्षेत राहते.

मी तुझं काम शिकायला घेतलंय. हसू नकोस. बाबांच्या जुन्या फोटोफ्रेमवर सुतळी ताणली आणि शंभर येनच्या दुकानातून लाल लोकर आणली. दोन उभ्या धाग्यांच्या गळ्यात एकच लोकर घालायची, दोन्ही टोकं त्यांच्या मधून बाहेर काढायची, खाली ओढायची आणि कापायची. झाली गाठ. एकीला मला चार मिनिटं लागतात. या एवढ्याशा गालीच्यात दोनेक लाख गाठी असतात म्हणे. त्या बायका गाठी मारताना मनात काय बोलत असतील? माझ्या मनात तर एकच, तुझी गाठ. ती जमली की बाकी दोन लाख जमल्या.

आता कक्षेतलं. चौथ्या कोपऱ्याला कापड लावून तसाच ठेवायचा की विणायचा, असं विचारलंयस. विणायचा. समोरच्या कोपऱ्याची हुबेहूब नक्कल कर, म्हणजे प्रश्नच नाही. आणि सुई हातात घेतेच आहेस तर तो उलटा तीनही सरळ करून टाक. चूक दिसली की सुधारावी माणसाने.

थंडी वाढलीय. कोबेला समुद्राचा वारा असतो. तुझी करड्या रंगाची शाल इथेच राहिली आहे, ती पाठवू का? (हे कक्षेबाहेरचं आहे, सोडून दिलंस तरी चालेल.)

आई


निशी-कसाई
१२ जानेवारी २०२६

जुई,

दुसरा अहवाल आला. सोबतचे फोटो बाबांनी मोठे करून छापून आणले आणि फ्रिजवर लावले. मी काही म्हटलं नव्हतं त्यांना.

तू लिहिलंस, 'तीन सरळ करता येणार नाही. विणणारीने जे केलं ते नुकसान नव्हे. आम्ही हरवलेलं भरून काढतो, केलेलं खोडत नाही. हा कार्यशाळेचा नियम आहे.'

हे मी कोन्बिनीच्या मागच्या खोलीत वाचलं, बेंतोच्या डब्यांच्या क्रेटवर बसून. पुढे गिऱ्हाइकं होती, मॅनेजर हाका मारत होता, पण मला उठवेना. कारण मला तुझा ग आठवला.

तुला आठवतो का? आपण इथे आलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. रविवारी सकाळी आपण बुटक्या टेबलापाशी बसायचो. तुझ्यापुढे वही, माझ्या हातात रबर. बाकी अक्षरं तू बरी काढायचीस, पण ग कायम उलटा. काठी आधी, पोट नंतर. मी खोडायची, तू पुन्हा तसाच काढायचीस. मला वाटायचं तू मुद्दाम करतेस. एका रविवारी मी इतकं खोडलं की कागद फाटला. तू पेन्सिल खाली ठेवलीस, नीट, टेबलाच्या कडेशी समांतर, आणि जपानीत म्हणालीस, "मो इइ." बास आता. त्यानंतर तू मराठी अक्षर काढलं नाहीस. आणि मी काय केलं असेल? बिल्डिंगभर सांगत सुटले, "आमच्या जुईला मराठीची आवडच नाही हो."

एकवीस वर्षं मी हेच सांगते आहे. काल शैलजाला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं, सगळ्याच आया खोडतात." बरं वाटावं म्हणून म्हणाली, पण मला काही बरं वाटलं नाही.

आता खरं बोलायला बसलेच आहे तर आणखी एक. कोबेला कधी आले नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. गेल्या होळीला आले होते. बाबा ऑफिसला गेल्यावर सहा पुरणपोळ्या डब्यात घातल्या आणि शिन्कान्सेन पकडली. तुमच्या कार्यशाळेसमोर पेयांचं व्हेंडिंग मशीन आहे, त्याच्या आडोशाला पाऊण तास उभी होते. काचेतून तू दिसत होतीस. मागावर वाकलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. चष्मा होता. तुला चष्मा लागल्याचं मला माहीत नव्हतं. आपल्या मुलीला चष्मा लागतो आणि ते आपल्याला रस्त्यापलीकडून कळतं, याचं काय करायचं ते मला समजलं नाही, म्हणून मी मशीनमधून गरम चहाची बाटली घेतली आणि परत आले. बाबांना सांगितलं, पोळ्या शैलजाने दिल्या. त्यांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "शैलजाच्या पोळ्या आता थेट तुझ्यासारख्या व्हायला लागल्या."

रस्ता का नाही ओलांडला, तर तुझ्या त्या दोन शब्दांमुळे. अनुरागशी ठरलेलं लग्न तू पाच आठवड्यांवर आलेलं असताना मोडलंस. मी फोनवर म्हणाले, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. ते मला आठवतं, तुला तर आठवतच असणार. पण पुढे तीन महिन्यांनी मीच नमतं घेतलं ना? मेसेज मीच केला ना? अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'झालं ते झालं. एकदा गाठ घे, मग पुढचं तुझं तू ठरव.' यात काय चुकलं माझं? आणि त्यावर तुझं उत्तर, 'केक्को देसु'. आमच्या दुकानात गिऱ्हाइकं प्लास्टिकची पिशवी नको असली की हेच म्हणतात. दिवसातून शंभरदा ऐकते. मग तू नंबरच बंद केलास. मी फक्त भेट म्हटलं होतं, जुई. आईला एकदा भेटणं इतकं जड होतं?

कोपऱ्याचं तू लिहिलंयस की नक्कल कुठल्या कोपऱ्याची करू, तिन्ही वेगळे आहेत. कागदावर नकाशा न काढता, मनातूनच विणत गेली ती बाई. प्रत्येक कोपऱ्याशी पोचल्यावर काठ कुठे कमी पडला, कुठे उरला, आणि तिने दर वेळी वेगळी वाट काढली. मी फोटो पाहते आहे. सुचलं की कळवते.

आई


निशी-कसाई
८ फेब्रुवारी २०२६

जुई, माझ्या बाळा,

परवा तुझा अहवाल आला नाही. कार्यशाळेच्या छोट्या चिठ्ठीवर जपानीत एकच ओळ आली. ना मान्यवर ग्राहक, ना जबाबदार कारागीर. फोन धरला तर तो म्हणाला, 'गाठ म्हणजे भेटणं? लग्न नव्हे?'

मला आधी अर्थच लागेना. गाठ म्हणजे लग्न कशाला असेल, म्हटलं. मग माझा तो दोन वर्षांपूर्वीचा मेसेज मी बाबांच्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरला, तू धरला असशील तसा. त्याने जपानी केलं. बाबांना म्हटलं, आता हे मला मराठीत सांगा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एकदा गाठ बांध," ते म्हणाले, "मग पुढचं तुझं तू ठरव."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदाचं लग्न करून टाक, मग काय वाटेल ते कर. उत्तरा, पोरीला हे वाचायला मिळालं."

मग माझं पहिलं पत्र आठवलं. 'जाण्याआधी एकदा गाठ पडली की मी सुटले.' अगं आई गं! आणि दुसऱ्या पत्रात 'तुझी गाठ जमली की बाकी दोन लाख जमल्या.' आणि वर ती फणी! पेन दाबलंस यात नवल काय, मी असते तर कागद फाडला असता. गोलाला शून्य वाचणाऱ्या आईची तू मुलगी, तुला तरी काय बोलू.

तर आता नीट ऐक. तुला घरात गाठ हा शब्द बुटाच्या नाडीचा माहीत आहे, आणि भटजींच्या तोंडून लग्नगाठ ऐकलेला असेल. तिसरा अर्थ तुझ्या कानावर पडलाच नाही, कारण आपण इथे कुणाची गाठ घेत नाही. आपण फोन करून, वेळ ठरवून 'भेटतो'. पुण्यात माझे वडील संध्याकाळी टोपी घालून निघायचे आणि म्हणायचे, जरा विनायकरावांची गाठ घेऊन येतो. दोन माणसं समोरासमोर आली की गाठ पडली. बराच काळ भेटली नाहीत की गाठभेट नाही. कशाला बांधायचं नाही, कशात अडकायचं नाही, नुसतं समोर येऊन बसायचं. मी तुला एवढंच म्हटलं होतं. एकदा समोर ये. पुढचं तुझं तू ठरव म्हणजे लग्न कर, करू नकोस, कोबेत राहा, गालीचे विण, सगळं तुझं तू. तो मेसेज लिहायला मला तीन महिने लागले होते, आणि मला वाटायचं की मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या मनाने वागले.

दोन वर्षं, जुई. एका शब्दापायी दोन वर्षं तू तिथे एकटीने दिवाळी केलीस की केलीच नाहीस, तेही मला माहीत नाही. मी काल खूप रडले. बाबांनी लॅपटॉप उघडला नाही. शेजारी बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. कार्डावर फोन नंबर होता." त्यांनी हे म्हटलं म्हणून लिहिते आहे, त्यांना स्वतःला लिहिता येणार नाही.

पण एक सांगते, आणि हे कॅमेरा धरून वाचणार असलीस तरी त्याला नीट सांगता यावं म्हणून सोप्या शब्दांत सांगते. 'तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस' हे फोनने चुकीचं सांगितलेलं नाही. ते मी म्हटलं होतं, तुला समजलं तोच त्याचा अर्थ होता. लग्न का मोडलंस ते मी विचारलं नाही. लोकांना काय सांगू, हे विचारलं. दोन वर्षं मी त्या मेसेजच्या आड उभी राहिले, त्या व्हेंडिंग मशीनच्या आड उभी राहिले तशी. मला वाटायचं, मी नमतं घेतलंय, आता पाळी तुझी. चुकलं माझं. मला तुझी फार आठवण येते.

आता कोपरा. मी तिन्ही कोपऱ्यांचे फोटो पुष्कळ पाहिले. एकात तिने आकडा अर्धाच सोडलाय, एकात बारीकसा दाबून बसवलाय, एकात चक्क एक फूल घालून वेळ मारून नेली आहे. प्रत्येक वेळी तिला वाटलं असेल, या खेपेला बरोबर जुळेल. नाही जुळलं, पण गालीचा पुरा केला. चौथ्याला तिने काय केलं ते आता कुणाला कळणार? तुझ्याइतका तो गालीचा कुणी पाहिलेला नाही. काय विणायचं ते तुझं तू ठरव. या वाक्याचा अर्थ या वेळी जसा दिसतोय तसाच आहे.

एकतीस मार्चला आम्ही जाणार. त्याच्या आत गालीचा आला नाही तरी चालेल. मला गालीचा नकोच होता, हे तुला पहिल्या दिवशी कळलं असेल.

तुझी आई

ता.क. हे पत्र पक्कं केलेलं नाही. खाडाखोड आहे तशी आहे.


शिन्कान्सेनमधून, नागोयाच्या पुढे
२१ मार्च २०२६, शनिवार

जुई,

अक्षर हलतंय, गाडी हलते म्हणून. बाबा खिडकीशी झोपलेत, म्हणजे डोळे मिटून बसलेत. त्यांनी लग्नात घालायचा कोट घातला आहे. मी म्हटलं, "गालीचा आणायला कोट कशाला?" तर म्हणाले, "पोरगी ग्राहक-सामा म्हणते आपल्याला, जरा तसं दिसायला नको?"

हे पत्र टपालात पडणार नाही. हातात घेऊन येते आहे, कारण समोर आल्यावर मला बोलता येईल याची खात्री नाही. मला ओळखतेस ना, तोंड उघडलं की आधी 'किती वाळलीस' निघेल. निघालं तर ते मनावर घेऊ नकोस आणि हे वाच.

शेवटचा अहवाल सोमवारी आला. फोटो पाहिला. तू चौथ्या कोपऱ्यात काय केलंस ते आधी मला कळलंच नाही, मग पाडव्याच्या दिवशी फ्रिजपाशी उभी असताना दिसलं. काठाने सगळीकडे पाठीला पाठ लावून चाललेले ते दोन आकडे तुझ्या कोपऱ्यात आल्यावर वळले आहेत आणि तोंडाला तोंड करून थांबले आहेत. छत्तीसचे त्रेसष्ट झालेत. तू शेरा लिहिलायस, 'मूळ नमुना उपलब्ध नाही. ही कारागिराची स्वतःची निवड आहे. रंग किंचित फिका ठेवला आहे, म्हणजे पुढे कुणालाही नवं काम ओळखता येईल.' आपल्या मराठी आकड्यांचं तुला आठवत होतं की मी पहिल्या पत्रात लिहिलं म्हणून, ते मी विचारणार नाही. विचारीन बहुतेक.

आणि मग शेवटचा रकाना. गालीचा परत देण्याची पद्धत. छापलेले दोन पर्याय होते, कुरियर आणि दुकानातून नेणे. तू दोन्ही खोडलेस आणि खाली तारीख-वेळ लिहिलीस, एकवीस मार्च, शनिवार, दुपारी एक. त्याच्यापुढे पेन्सिलने, मोठ्या, सुट्या अक्षरांत, मराठीत लिहिलंस, 'गाठ घे.'

मी ते दोन शब्द किती वेळा वाचले ते सांगत नाही. शैलजाला दाखवले, मॅनेजरला दाखवले, त्याला काही कळलं नाही तरी त्याने वाकून अभिनंदन केलं. बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातलाय आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलाय, मधूनमधून खिसा चाचपतात. डब्यात पुरणपोळ्या आहेत. होळी होऊन गेली, पण गेल्या वर्षीच्या तुझ्या वाट्याच्या राहिल्याच होत्या.

क्योतो आलं. आता शिन-ओसाका, मग तू.

एक सांगायचं राहिलं. तुझा ग उलटाच आहे. काठी आधी, पोट नंतर. मी रबर आणलेलं नाही.

आई